बिशप खुडूक बसला

सकाळी आठ वाजता फिदेन्सिओने परसात उभं राहून ट्यूबा फुंकला. आठ वाजून एक मिनिटाने त्याच्या बायकोची काळी टर्की अंड्यांवरून उठली आणि निवडुंगाच्या कुंपणावरून उडून दिसेनाशी झाली. फिदेन्सिओ गाल फुगवलेल्या अवस्थेतच उभा राहिला. खुडूक बसलेल्या मादीला एवढं उडता येतं हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

यात आपली काही चूक नाही असं म्हणायला तो मोकळा होता, पण ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं. मुलगी कासिल्दा बालवाडीत शिकवायला गेली होती. बायको एर्मेलिंदा बहिणीचा पाय मोडला म्हणून पाच दिवसांपूर्वी अपिसाकोला गेली होती. जाताना तिने नवऱ्याला अंड्यांच्या पाटीपाशी उभं करून समजावलं होतं.

"तेरा अंडी आहेत. अठ्ठावीस दिवस लागतात. ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी पिल्लं निघतील, त्याच दिवशी मी येते. काळीला दाणापाणी द्यायचं आणि लांब राहायचं. ते भोंगाडं तर अजिबात वाजवायचं नाही. उद्या कासिल्दाचं लग्न निघालं तर मोलेच्या रश्श्यात घालायला पक्षी यातूनच यायचेत. अंडी गेली ना म्हाताऱ्या, तर मी बहिणीकडेच राहीन, सांगून ठेवते."

एर्मेलिंदाने प्रत्येक अंड्यावर कोळशाने क्रूस काढला होता, पाटीच्या तळाशी गवतात गंजका खिळा ठेवला होता. मेघगर्जनेने अंडी फुकट जाऊ नयेत म्हणून गावात सगळेच असं करतात. मेघगर्जनेपासून सगळा बंदोबस्त झाला होता, नवऱ्यापासून करायचा तेवढा राहिला होता.

पण फिदेन्सिओची बाजूही ऐकायला हवी. तो गावच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. त्या दिवसांत लग्न नाही, नाच नाही, मटण नाही, म्हणून बँडही नाही. तसं एरवीही ट्यूबा कुणी ऐकत नाही. तो नसला तर काहीतरी चुकतंय एवढंच लोकांना कळतं. त्याचा ट्यूबा खरा ऐकायचा तो एकटा बिशप. बिशप म्हणजे त्यांच्याकडचा टर्कीचा नर. मान जांभळी, चाल संथ, स्वतःविषयी मत उत्तम, म्हणून हे नाव. फिदेन्सिओने खालचा स्वर लावला की बिशप पिसारा फुलवून गुडगुडगुड करत उत्तर द्यायचा. पाच दिवस दोघांनी कळ काढली होती. सहाव्या दिवशी फिदेन्सिओला वाटलं, एकच स्वर, हळूच.

तो धावत पाटीपाशी गेला. अंडी अजून गरम होती. एक उचलून त्याने गालाला लावलं आणि त्याला रडूच आलं. मग त्याने तेराच्या तेरा अंडी घोंगडीत गुंडाळून ट्यूबाच्या तोंडात ठेवली, ट्यूबा उन्हात टेकवला आणि म्हाताऱ्या चोनला गाठलं. चोन बँडमध्ये साठ वर्षं ढोल बडवत होता आणि त्याला सगळ्यातलं थोडंथोडं कळत असे.

"मादी गेली तर गेली," चोन म्हणाला. "नर आहे ना?"

"नर कुठे अंड्यांवर बसतो?"

"शुद्धीत असताना नाही बसत." चोनने आवाज खाली आणला. "माझा आजा करायचा. नराला चार घोट पाजायचे. छातीची पिसं उपटायची. मग अंड्यांवर बसवून वरून मोठी पाटी झाकायची. शुद्धीवर येतो तेव्हा छातीची आग होत असते आणि खाली अंडी गुळगुळीत लागतात. त्याला बरं वाटतं. मग तो उठतच नाही. त्याला वाटतं, आपणच घातली."

"असं कसं वाटेल त्याला?"

"पिऊन उठलेल्या पुरुषाला काहीही पटवता येतं, पोरा. तुला मी सांगायला नको."

हे मात्र खरं होतं. त्यामुळेच फिदेन्सिओने देवमातेसमोर शपथ घेतली होती, ईस्टरपर्यंत थेंब शिवणार नाही. पाद्रीबाबांनी सही केलेलं शपथेचं कार्ड त्याच्या खिशात होतं. ते खिशात घेऊनच त्याला आता दारू विकत घ्यायची होती, आणि गावात दुकान एकच, शेजारच्या क्रिसान्ताचं. क्रिसान्ता कासिल्दाची धर्ममाता, म्हणजे नात्याने त्याची कोमाद्रे, आणि तो तिचा कोम्पाद्रे. निवडुंगाच्या कुंपणाला तिच्या बाजूने एक फट होती आणि त्या फटीतून तिने गेली वीस वर्षं या घरावर नजर ठेवली होती.

"पाव बाटली? तुम्हाला?" क्रिसान्ताने कपाळाला हात लावला. "कोम्पाद्रे, शपथेचं काय?"

"माझ्यासाठी नाही हो. बिशपसाठी."

क्रिसान्ताचा हात फळीवरच थांबला. आता त्या गावात टर्कीला दारू पाजायचं कारण एकच. कापायच्या सकाळी पाजली की मांस मऊ होतं. चोनच्या आज्याची युक्ती चोनबरोबर म्हातारी झाली होती.

"आज?" तिने विचारलं. "उपासाच्या दिवसांत?"

काळी पळाली हे हिला सांगायची सोय नव्हती. हिला सांगितलेलं वडापच्या गाडीच्या आधी अपिसाकोला पोचतं. फिदेन्सिओ म्हणाला, "घरचंच काम आहे, कोमाद्रे. थांबता येत नाही."

"म्हणजे ईस्टरपर्यंतसुद्धा नाही?"

"छे! तोवर सगळं हाताबाहेर जाईल. आजच्या आज उरकायला हवं."

"अगं बाई! एर्मेलिंदाला माहीत आहे?"

"तिला एक अक्षर कळता कामा नये. कासिल्दालाही विचारू नका. पोरीला उगाच घोर लागेल."

"नाही हो, मी कशाला विचारू," क्रिसान्ता म्हणाली आणि तिने बाटली कागदात गुंडाळून, त्याचा हात दोन्ही हातांत धरून दिली. फिदेन्सिओला या मायेचा अर्थ लागला नाही. पण घाई होती.

घरी आल्यावर पाहतो तर कुंपणाच्या फटीवर तिच्या बाजूने चादर वाळत टाकलेली. वीस वर्षांत प्रथमच ती फट बंद होती. देवाची कृपा, असं म्हणून त्याने बिशपला बगलेत धरलं. पहिला घोट बिशपने नाकारला, दुसरा घेतला, तिसऱ्याला चोच स्वतः उघडली. पिसं उपटताना तो एकदाच गुडगुडला, तेही बेसूर. दहाच्या सुमारास तो तेरा अंड्यांवर मान टाकून घोरत होता आणि फिदेन्सिओ वरच्या पाटीवर हात ठेवून घाम पुसत होता.

अकराला पहिली बाई आली. तिच्या पदरात सुक्या मिरच्या होत्या. "कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"काय ते?"

"राहू दे, मी बघते," असं म्हणून ती चुलीपाशी गेली. पाठोपाठ दुसरी आली ती तीळ आणि चॉकलेट घेऊन. तिसरीने नातवाच्या डोक्यावर पाटा-वरवंटा दिला होता. बारापर्यंत परसात सात बायका बसून मिरच्या भाजत होत्या आणि सगळ्या गल्लीला ठसका लागला होता. कार्याच्या घरून बोलावणं येईपर्यंत थांबायचं नाही, अशी गावची रीत. आणि कार्य कसलं हे तोंडाने विचारायचं नाही, ही या विशिष्ट कार्याची रीत.

फिदेन्सिओ मनात हिशेब करत होता. आज आपल्या नावाच्या संताचा दिवस नाही. कुणी मेलेलंही नाही. मग मोले कसला? विचारावं, तर आपल्याच घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही असं दिसेल. म्हणून तो प्रत्येकीला "बरं केलंत, बरं केलंत" म्हणत राहिला.

"किती पाजलीत?" पाट्यावरच्या बाईने पाटीकडे बोट दाखवलं.

"बेताचीच."

"मग आणा बाहेर. सुरी कुठाय?"

"सुरी?" फिदेन्सिओ पाटीवर जवळजवळ आडवा झाला. "नाही, नाही. हात लावायचा नाही. त्याला झोपू दे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "बिचारा," त्यातली एक हळूच म्हणाली. "बापाचं काळीज आहे शेवटी."

एवढ्यात कासिल्दा आली. ती रागाने लाल झाली होती. दारातच सात बायकांनी तिला आळीपाळीने कवटाळलं, एकीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, दुसरीने खुर्ची दिली.

"पपा," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "आज मला बालवाडीत खुर्ची उचलू दिली नाही. बाईंनी दूध पाजलं. रस्त्यात तीन जणांनी अभिनंदन केलं आणि एकीने डोळे पुसले. माझं लग्न कधी ठरलं?"

"तुझं लग्न ठरलं?" फिदेन्सिओ उठून उभा राहिला. "कुणाशी?"

"मी तुम्हाला विचारतेय!"

"आणि मी तुला विचारतोय! बापाला सांगायची पद्धत नाही का?"

याच वेळी बाहेर ब्रेक करकरले. वडापची गाडी दारात उभी राहिली. चौदा उतारू खिडक्यांतून डोकी काढून बसले होते आणि चालक नाबोर उडी मारून आत येत होता. नाबोर हा मुलगा कासिल्दाच्या मागे चार वर्षं होता. बिचारा भला, पण बोलायचा नाही. घरावर स्लॅब पडला की मागणी घालू, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं, आणि स्लॅब चार वर्षं पुढच्या उन्हाळ्यात पडणार होता. आज पहिल्या थांब्यावर त्याला कळलं की कासिल्दाचं ठरलं. दुसऱ्या थांब्यावर कळलं की मुलगा ट्रकवाला आहे. तिसऱ्या थांब्यावर कळलं की ईस्टरपर्यंत थांबता येत नाही, बापाने टर्कीला पाजलीसुद्धा.

"डॉन फिदेन्सिओ," नाबोर टोपी चुरगाळत म्हणाला, "तो ट्रकवाला कोण, मला माहीत नाही. पण जे झालं ते झालं. मी... मी मूल आपलं म्हणेन."

मिरच्या भाजणारे हात थांबले.

"कसलं मूल?" कासिल्दाने विचारलं.

"तुझं."

"नाबोर," ती फार सावकाश म्हणाली, "चार वर्षांत तू मला कधी आइस्क्रीमसुद्धा दोन चमच्यांनी खाऊ दिलं नाहीस. वेगळे कप घ्यायचास. मला मूल होणार कुठून?"

"मग ट्रकवाला?"

"कुठला ट्रकवाला?"

दोघांनी फिदेन्सिओकडे पाहिलं. सात बायकांनी फिदेन्सिओकडे पाहिलं. खिडक्यांतल्या चौदा डोक्यांनीही पाहिलं. फिदेन्सिओने मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागे कुणी उत्तर द्यायला उभं आहे का म्हणून.  सकाळी एक स्वर वाजवला होता, तोही हळूच, एवढंच त्याला आठवत होतं.

तो तोंड उघडणार इतक्यात नाबोरची आई ओतिलिया धापा टाकत आत शिरली. एका हातात मेणबत्ती, डोक्यावर पावांची टोपली आणि काखेत एक जिवंत टर्की. मागणी घालायला जाताना न्यायचं सामान ते, पण घाईत जमवलेलं. मेणबत्ती अर्धी जळलेली होती.

"ट्रकवाल्याच्या आधी आम्ही!" ती गरजली. "मुलगी आमची आहे! स्लॅबचं नंतर बघू. नर मिळाला नाही, माफ करा, ही अंड्यांवरून उठवून आणलीय."

फिदेन्सिओचे कान टवकारले. "कशावरून?"

"अंड्यांवरून. खुडूक आहे. दोन दिवस झाले बसलीय."

फिदेन्सिओने त्या टर्कीकडे पाहिलं. पोटावरची पिसं गेलेली, डोळे जड, अंग फुगलेलं. इतक्या प्रेमाने त्याने आजवर कोणत्याही व्याह्याच्या घरच्या माणसाकडे पाहिलं नव्हतं.

"दिली!" तो ओरडला. "मुलगी दिली! आणा ती इकडे!"

"पपा!" कासिल्दा किंचाळली.

पण फिदेन्सिओ ओतिलियाच्या काखेतली टर्की ओढून पाटीकडे धावला होता. त्याने वरची पाटी उचलली आणि सगळं परस पुढे वाकलं.

बिशप शुद्धीवर आला होता. उघड्याबोडक्या छातीखाली तेरा अंडी घेऊन, दोन्ही पंख पसरून तो बसला होता आणि डोळे लाल होते. एक अंडं थोडं बाहेर आलं होतं, ते त्याने चोचीने हळूच आत ओढून घेतलं. मग त्याला ती परकी मादी दिसली. त्याने असा फूत्कार टाकला की ती फिदेन्सिओच्या हातातून निसटून थेट ओतिलियाच्या डोक्यावर, पावांच्या टोपलीत जाऊन बसली.

 मग पाट्यावरच्या बाईने विचारलं, "म्हणजे... दारू कापायला नव्हती?"

"बसवायला होती," फिदेन्सिओ म्हणाला. "काळी गेली. अंडी गार पडत होती. एर्मेलिंदा बहिणीकडेच राहीन म्हणाली होती." आणि एवढं बोलून तो पाटीशी खालीच बसला, कारण ते अगदी खरं होतं.

आधी खिडक्यांतली डोकी हसली. मग बायका हसल्या. ओतिलिया सगळ्यात शेवटी हसली, कारण टर्की तिच्या डोक्यावर होती. हसली नाही ती कासिल्दा.

"मला कुणी विचारणार आहे का?" ती म्हणाली.

 नाबोर पुढे आला. टोपीचं एव्हाना फडकं झालं होतं. "माझ्याशी लग्न करशील का?" त्याने विचारलं. चार वर्षं लागली होती, पण वाक्य चार शब्दांचंच निघालं.

कासिल्दाने बापाकडे पाहिलं, नाबोरकडे पाहिलं, मग बिशपकडे. "पिल्लं निघतील त्या दिवशी सांगेन," ती म्हणाली. "नाही निघाली तर उत्तर नाही. तोवर अंड्यांची काळजी तुम्ही दोघांनी घ्यायची. ट्यूबा वाजला तर तो नकार समजायचा."

मोले वाटून झालाच होता. उपासाचा दिवस म्हणून त्यात निवडुंगाची पानं आणि सुक्या कोळंबीचे वडे सोडले. चौदा उतारूंनाही वाढलं. ओतिलिया आपली टर्की घेऊन पळत घरी गेली, तिचीही अंडी कोमटच उरली होती.

त्यानंतरचे एकोणीस दिवस बिशप उठला तो फक्त दाण्यापुरता. नाबोर सकाळ-संध्याकाळ गाडी थांबवून यायचा, पाण्याचं भांडं भरायचा आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर बातमी सांगायचा, "बसलाय." आभाळात ढग आला की तो गाडीतला पाना आणून गवताखाली खिळ्याशेजारी ठेवायचा. फिदेन्सिओने ट्यूबा खाटेखाली सरकवला होता. एवढ्या दिवसांत कुणी एर्मेलिंदाला कळवलं नाही, हे आश्चर्यच. कळवणारी जी मुख्य, ती क्रिसान्ता, हल्ली फारशी बोलत नव्हती. फटीवरची चादरही वाळायचं नाव घेत नव्हती.

झावळ्यांच्या रविवारी एर्मेलिंदा नाबोरच्याच गाडीतून उतरली. गाडीतले सगळे उतारू तिच्यामागून उतरले, ज्यांचं गाव पुढे होतं तेही. परसात बिशप पंख किंचित उचलून बसला होता. त्याच्या उघड्या छातीखालून एक ओलं, पिवळं डोकं बाहेर आलं, मग दुसरं. एर्मेलिंदाने पिशव्या खाली ठेवून पिल्लं मोजली. तेरातली अकरा.

"हो," कासिल्दा म्हणाली. सगळे पिल्लांकडे बघत होते, त्यामुळे ते एकट्या नाबोरने ऐकलं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"एकदाच सांगितलं."

मग सहा जणांनी एकदम एर्मेलिंदाला सगळी हकीकत सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, मुलीला मिठी मारली, जावयाच्या पाठीवर थोपटलं आणि नवऱ्याकडे वळून एकच विचारलं, "काळी कशी गेली?"

फिदेन्सिओने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "रानातल्या कोयोटाने नेली. माझ्या डोळ्यांदेखत. मी दगड मारला, पण..."

"तू तरी काय करणार," एर्मेलिंदा म्हणाली. तिने छातीवर क्रूस केला, आणि चोवीस वर्षांत प्रथमच स्वतःच्या हाताने त्याला आधी वाढलं. फिदेन्सिओला घास गिळवेना.

ईस्टरच्या सकाळी बँड पुन्हा सुरू व्हायचा होता. मिरवणुकीला तासभर होता. उपास सुटला होता, शपथ सुटली होती, कासिल्दाने परवानगी दिली होती. फिदेन्सिओने खाटेखालून ट्यूबा काढला, पुसला आणि परसात जाऊन बिशपसमोर उभा राहिला. खालचा स्वर त्याने मनापासून लावला.

बिशपने उत्तर दिलं नाही. त्याने अकरा पिल्लांना पंखाखाली घेतलं आणि या माणसाला कधी पाहिलंच नाही अशी मान फिरवली. फिदेन्सिओला फार वाईट वाटलं. आपला एकुलता एक श्रोता गेला, हे त्याला लख्ख कळलं. त्याने आणखी एकदा, जरा मोठ्याने वाजवून पाहिलं.

उत्तर आलं, पण कुंपणापलीकडून. फडफडाट झाला, फटीवरची चादर उडाली आणि काळी निवडुंगावरून भरारी मारून परसाच्या मधोमध उतरली. तिच्यामागून फटीतून एकामागून एक, चिवचिवत, कोंबडीची नऊ पिल्लं आली. तिला आई समजून ती तिच्या पायांशी गोळा झाली.

एर्मेलिंदा चुलीपासून बाहेर आली. तिने काळीकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं, ट्यूबाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

कुंपणाच्या फटीत सव्वीस दिवसांनी क्रिसान्ताचा एक डोळा दिसला.

"कोमाद्रे," फटीतून आवाज आला, "बघा हो नवल. कोयोटाने परत आणून सोडली."

"आणि पिल्लं?" एर्मेलिंदाने विचारलं. "तीही कोयोटाचीच का?"

डोळा नाहीसा झाला. फिदेन्सिओ ट्यूबाआडून हळूहळू बाहेर आला.  एर्मेलिंदाने त्याच्या हातातून ट्यूबा काढून घेतला, भिंतीपाशी आडवा ठेवला, त्या भोंगाड्याच्या तोंडात मूठमूठ गवत भरलं आणि तळाशी गंजका खिळा ठेवला. काळीने वाकून आत पाहिलं. जागा तिला पसंत पडली.

"अगं, पण मिरवणूक?" फिदेन्सिओने केविलवाणं विचारलं. "ट्यूबा नसला तर लोकांना काहीतरी चुकतंय असं वाटेल."

"वाटू दे," एर्मेलिंदा म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग, कोयोटाने नेला."